वटवट्या कुठवर जाणार, ते पट्टीने मोजा

ऑक्टोबर लागला की आमच्या कुंपणाच्या घाणेरीतून ‘चक्, चक्’ सुरू होतं. ब्लिथ्स रीड वॉर्ब्लर हा हिवाळी पाहुणा वटवट्या आला. जेमतेम 13 सेंटिमीटरचा, मातकट, अंगावर एक धड खूण नाही. याचा फोटो मिळाला तर रंगावर डोकं खपवू नका. पंख मोजा.

हातात धरून मोजणं आपलं काम नव्हे. जाळी लावायला परवाना लागतो. रिंगिंगवाले, म्हणजे अभ्यासासाठी पक्ष्यांच्या पायात कडी घालणारे, मिटलेला पंख पट्टीवर सपाट दाबून मिलिमीटर वाचतात. वजनही घेतात, पण त्यावरून पक्षी लहान की मोठा हे ठरवत नाहीत. निघण्याआधी चरबी चढली की वजन बदलतं, पंख तेवढाच राहतो.

आपण स्क्रीनवर मोजायचं. पक्षी अगदी आडवा बसलेला हवा, पंख नीट मिटलेला. पाठीलगत कौलांसारखी एकावर एक तीन पिसं दिसतील, ती टर्शियल. त्यांचा दिसणारा भाग मोजा. मग सर्वांत लांब टर्शियलच्या टोकापुढे पंख जेवढा डोकावतो, तेवढा मोजा. हे प्रायमरी प्रोजेक्शन. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. झूम मध्येच बदलू नका, बाकी शाळेची प्लास्टिकची पट्टी पुरते.

ब्लिथ्समध्ये उत्तर साधारण अर्धं ते दोन-तृतीयांश येतं. मार्श वॉर्ब्लरमध्ये जवळजवळ एक. रशियात हे दोघे एकाच मुलखात घरटी करतात, अंगानेही सारखेच. पण ब्लिथ्स भारतात उतरतो आणि मार्श थेट आग्नेय आफ्रिका गाठतो. लांब, टोकदार पंखाला लांबचा पल्ला स्वस्तात पडतो. आखूड, गोलसर पंख झुडपात गिरक्या घ्यायला बरा. थंड प्रदेशातले उष्ण रक्ताचे प्राणी उबदार मुलखातल्या आपल्या भाईबंदांपेक्षा बहुधा थोराड असतात, असं जर्मन जीवशास्त्रज्ञ बर्गमानने 1847 मध्ये मांडलं. पण थंडी पडायच्या आत पळणाऱ्याच्या बाबतीत मला पंखच जास्त बोलका वाटतो.

त्याच वर्षीच्या पिल्लांचे पंख बहुधा जरा आखूड असतात आणि पिसांची टोकं झिजतातही, तेव्हा मार्चचा फोटो ऑक्टोबरच्या फोटोशी ताडू नका.

एकदा माझं उत्तर 0.9 आलं. महाराष्ट्रात मार्श! रात्रीच मित्रांना कळवलं. एकाने शांतपणे विचारलं, “दुसरा फोटो आहे का?” होता. त्यात तोच पक्षी 0.6. पहिल्या फोटोत तो मान खाजवत होता, पंख सैल लोंबत होता आणि टर्शियल अर्धी पाठीच्या पिसांखाली गेली होती. आता एका पक्ष्याचे तीन फोटो असल्याशिवाय मी पट्टी काढत नाही.