सेकंडहँड कीबोर्ड बघायला जाताय? लॅपटॉप सोबत न्या
आधी एक ठरवा, तुम्हाला स्वतःचा आवाज असलेला सिंथ (सिंथेसायझर) पाहिजे की नुसत्या पट्ट्या, कारण मिडीच्या, म्हणजे कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडणाऱ्या, वायरमधून आवाज जातच नाही, कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली एवढाच निरोप जातो. सगळं सॉफ्टवेअरवरच वाजवणार असाल तर एम-ऑडिओ कीस्टेशन किंवा अकाई एमपीके मिनी असा नुसत्या पट्ट्यांचा कीबोर्ड बास झाला. जुन्या सिंथचे आवाज आवडत असतील तर खुशाल घ्या, मिडी १९८३ चं आहे पण मागे पाच पिनांचं गोल सॉकेट असेल तर आजही चालतं, फक्त आवाज रेकॉर्ड करायला लाइन आऊटमधून (आवाज बाहेर देणारं सॉकेट) ऑडिओ इंटरफेसपर्यंत (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा डबा) वेगळी वायर लागते.

नवरात्र आटोपली की ऑर्केस्ट्रावाले बरेच कीबोर्ड काढतात, मी तेव्हाच बघतो. बघताना डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी आधी हळू मग जोरात दाबायची. एखादी हळू दाबूनही एकदम ठणकन वाजली किंवा गप्पच बसली तर आतले काँटॅक्ट गेलेत, मुंबईच्या दमट हवेत हे होतंच. नुसती धूळ असेल तर साफ करून चालतं, पण भाव त्या हिशोबानेच करा.

अडॅप्टर ओरिजिनल नसेल तर प्लीज पिन बसते म्हणून लावू नका. कॅसिओचे बरेच जुने कीबोर्ड ९ व्होल्टचे आणि पिनच्या मधे मायनस, यामाहाचे बरेचसे १२ व्होल्टचे आणि मधे प्लस. मी घाईत उलटा लावून एक कीबोर्ड घालवलाय, अजून माळ्यावर आहे, बायको दर दिवाळीच्या साफसफाईत विचारते याचं काय करायचं. अडॅप्टरवरचं चित्र आणि कीबोर्डमागचं चित्र जुळवून घ्यायचं, मग लॅमिंग्टन रोडला मिळून जातो.

इंटरफेसमध्ये मात्र काटकसर जरा बेतानेच. भावाचं बोलायच्या आधी कंपनीच्या साइटवर तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) आहे का बघा, फायरवायर या जुन्या प्रकारच्या केबलवाला फुकट दिला तरी नको. तिथेच लॅपटॉपला लावून यूएसबीची पिन हलवून बघा, आवाज तुटला की सॉकेट ढिलं. ४८ व्होल्टचं बटण ऑन करून कंडेन्सर माइक (याला ती वीज लागते) दोन्ही इनपुटला लावून बघायचा, हेडफोनचं बटण सावकाश फिरवायचं, खरखर लगेच कळते. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा किती तुकडा हाताळतो ती सेटिंग) १२८ वर ठेवून पट्टी दाबल्यावर आवाज मागे पडतोय का तेही बघा.

आणि ६१ पट्ट्यांचा घेतलात तर लोकलने दुपारी आणा, लगेजच्या डब्यातून, संध्याकाळच्या गर्दीत पट्ट्या मोजायला ६१ उरणार नाहीत.