टॉर्क तळाचा काढलात, काठाचा कोण काढणार?

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आम्ही विंच (ड्रमवर रोप गुंडाळून वजन वर खेचणारं यंत्र) बनवला, गुहागरकडच्या एका वाडीतल्या विहिरीचा गाळ पाऊस लागायच्या आत उपसायला. टॉर्क म्हणजे ड्रम फिरवायला लागणारा जोर, फोर्स गुणिले त्रिज्या, हे तुम्हाला येतंच, किलोचे न्यूटन करणंही, ते सांगत बसत नाही.

भरलेली बादली २०० किलो, म्हणजे १९६२ न्यूटन. ड्रमचा व्यास १०० मिमी, वायररोप ८ मिमी, म्हणून त्रिज्या ५४ मिमी (रोपच्या मध्यापर्यंत धरा), टॉर्क १०६ न्यूटन मीटर. सिंगल फेज मोटर १ एचपी, १४४० आरपीएम (मिनिटाला फेरे), म्हणजे साधारण ५ न्यूटन मीटर, पुढे ४० ला १ वर्म गिअरबॉक्स (वेग ४० पट कमी, टॉर्क तितका जास्त), एफिशियन्सी ७० टक्के धरून ड्रमवर १३९ न्यूटन मीटर. झालं की! बादली तळातून सुटली, आम्ही टाळ्या पिटल्या.

काठाजवळ बादली जरा थांबवली आणि परत बटण दाबलं तर मोटर नुसती गुणगुणत राहिली.

आता हे नीट वाचा, माझे दोन दिवस यातच गेलेत. बादली तळाशी असताना रोप जवळजवळ सगळा सुटलेला, म्हणून त्रिज्या सगळ्यात लहान. आमचा ड्रम अरुंद, एका थरात ८ वेढे, ४० फूट रोप गुंडाळेपर्यंत चौथा थर लागला, तिथे त्रिज्या ७८ आणि टॉर्क १५३! वजन तेच, मोटर तीच, पण तिच्यावरचा भार जवळजवळ दीडपट. त्यात दुपारचं व्होल्टेज १९०, मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे २३० च्या तुलनेत फक्त ६८ टक्के उरला. तळाशी टेस्ट करून पास समजणं हा शुद्ध गाढवपणा होता, आणि तो माझाच.

सीनियर म्हणतात एक्सेल शीट घे, आकडे टाक. त्या शीटमध्ये थरांचा रकानाच नव्हता राव. मोटर वाइंडिंगवाल्या काकांनी मात्र ड्रम बघूनच विचारलं, "रोप किती थर चढतो रे?"

घाबरू नका, गणित पाच मिनिटांचं आहे. सगळ्यात वरचा थर धरा, दीडपट मार्जिन ठेवा, आम्हाला मोटरकडून ८.२ न्यूटन मीटर लागत होते म्हणजे २ एचपी. किंवा ड्रमच रुंद करा. आणि मोटर बंद झाली की वर्म आपोआप लॉक होतो, बादली खाली येत नाही, यावर विसंबून कुणाला खाली उभं करू नका, ब्रेक लावाच.

आमच्याकडे नव्या मोटरचे पैसे नव्हते, मग बादली अर्धीच भरली, फेऱ्या दुप्पट झाल्या, आणि शेवटची फेरी पावसातच झाली.