पूर ओसरल्यावर घर सावरताना घाई कुठे करावी आणि कुठे करू नये

तापी, गिरणा, वाघूर, पांझरा, बोरी आणि तितूर या खानदेशातील नद्यांच्या काठच्या गावांना पुराचे पाणी नवीन नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या नद्यांना आलेल्या पुरात चाळीसगाव शहरातील आणि आसपासच्या गावांतील घरे, दुकाने व गोठे पाहता पाहता पाण्याखाली गेले होते. पाणी चढत असताना माणसाच्या हातात फारसे काही नसते. ते ओसरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मात्र पुष्कळ काही असते आणि नुकसानीचा बराच मोठा भाग याच आठवड्यात, कामांचा क्रम चुकल्यामुळे, वाढतो. नुकसानीची नोंद करणे, गाळ काढणे आणि ओले धान्य वेगळे करणे ही घाईची कामे आहेत. वीज सुरू करणे आणि भिंतींना रंग देणे यांत घाई अजिबात चालत नाही. बहुतेक घरांत नेमके उलटे घडते, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न घरात शिरावे की नाही हा असतो. खानदेशातील अनेक गावांत अजूनही मातीच्या भिंती आणि वर धाबे अशी घरे आहेत. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असलेले हे छत उन्हाळ्यात गारवा देते. परंतु संततधारेत तीच माती पाणी पिऊन जड होते आणि त्याच वेळी भिंतीचा खालचा भाग पुराच्या पाण्याने मऊ पडलेला असतो. अशी भिंत भर पुरात टिकते आणि पाणी उतरल्यानंतर बसते. त्यामुळे आधी घराभोवती एक फेरी मारून भिंतीला पोट आले आहे का, कोपऱ्यात नवी भेग पडली आहे का, तुळईचे टोक भिंतीतून सरकले आहे का हे पाहावे. काल सहज उघडणारे दार आज चौकटीत अडकत असेल, तर चौकट दबली आहे असे समजावे आणि ते दार धक्का मारून उघडू नये. आतून माती झरल्याचा आवाज येत असेल, तर सामान कितीही मोलाचे असले तरी तिथून मागे फिरावे.

घरात पाऊल ठेवता येण्यासारखे असेल, तर झाडू किंवा फावडे हातात घेण्यापूर्वी मोबाइल हातात घ्यावा. भिंतीवर पाणी कुठपर्यंत चढले होते ती रेषा, प्रत्येक खोली, धान्याच्या कोठ्या, कपाटे, शेतपंपाचा स्टार्टर, गोठा या सर्वांची छायाचित्रे आवराआवर होण्याआधी काढावीत आणि खराब झालेल्या वस्तूंची यादी वहीत लिहून काढावी. तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्यासाठी येईपर्यंत घर तसेच ठेवणे शक्य नसते आणि तसे ठेवूही नये. परंतु छायाचित्रे, यादी आणि शेजारच्या दोघांच्या सह्या असतील, तर पंचनाम्यात आपली बाजू पक्की राहते. पंचनामा झाल्यावर त्यात काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये. घर ‘अंशतः पडले’ की ‘पूर्णतः पडले’ या एका नोंदीवर मदतीची रक्कम ठरते. जनावर दगावले असेल, तर पुरण्याआधी कानातील बारा अंकी बिल्ल्यासह त्याचे छायाचित्र काढावे आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी करून घ्यावी. त्यानंतर विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात, चुना टाकून ते पुरावे.

विजेच्या बाबतीत नियम एकच आहे. ओल्या जमिनीवर किंवा पाण्यात उभे राहून मेन स्विचला हात लावू नये. मीटर किंवा बोर्ड पाण्याखाली गेला असेल, तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवून पुरवठा खांबावरूनच बंद करून घ्यावा आणि जाणत्या वायरमनने बोर्ड उघडून, पुसून, वाळवून तपासल्यावरच तो सुरू करावा. फ्रिज, मिक्सर, टीव्ही ‘चालतो का बघू’ म्हणून लावून पाहिले जातात आणि जी वस्तू वाळवून वाचली असती ती त्या एका बटणाने जळते. विहिरीवरील उघडी मोटार बुडाली असेल, तर ती वायंडिंगवाल्याकडे नेऊन उघडून वाळवून घ्यावी. पाणबुडी मोटार मुळात पाण्यात चालण्यासाठीच बनवलेली असते, तेव्हा तिची चिंता कमी. तिचा स्टार्टर मात्र ओला असता कामा नये. गॅसच्या सिलिंडरवर गाळ बसला असेल, तर वितरकाच्या माणसाकडून रेग्युलेटर आणि नळी तपासून घेईपर्यंत घरात काडी ओढू नये.

आता गाळाकडे वळू, कारण सर्वात जास्त घाई इथे करायची आहे. आपल्या भागातील काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. पुराने घरात आणून टाकलेला गाळ याच मातीचा असतो. तो ओला असताना फावड्याने सहज निघतो. दोन-तीन दिवस कडक ऊन मिळाले की तोच फरशीला आणि भिंतीला घट्ट धरतो, तडकताना गिलाव्याचे पापुद्रे ओढून काढतो आणि मग त्याला टिकाव घालावी लागते. म्हणून पाणी उतरत असतानाच, घोट्याएवढे शिल्लक असताना, खराट्याने ढवळून गाळ त्या पाण्याबरोबरच बाहेर ढकलावा. आतल्या खोलीपासून सुरुवात करून पुढच्या दाराकडे यावे. काढलेला गाळ गटारीत टाकू नये आणि भिंतीला लागून त्याचा ढीगही करू नये, कारण तो ढीग पायाशी ओल धरून ठेवतो. पायात गमबूट आणि हातात मोजे असावेतच. लाकडांच्या ढिगात, कपाटाखाली, गोणपाटांच्या आड नाग, घोणस, मण्यार आसऱ्याला आलेले असतात. प्रत्येक वस्तू आधी लांब काठीने हलवावी आणि मगच उचलावी. साप चावलाच तर आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, भगताकडे नेणे यांत वेळ न घालवता माणसाला हालचाल न करू देता थेट ग्रामीण रुग्णालयात न्यावे. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यात वावर झाला असेल, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी आणि लेप्टोस्पायरोसिस या, उंदीर-जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाबद्दल विचारण्यासाठी आरोग्य केंद्रात जाऊन यावे.

गाळ निघाल्यावर फरशी आणि भिंतीचा खालचा भाग साबणाच्या पाण्याने घासून धुवावा आणि त्यानंतर ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरावे. हा क्रम बदलू नये, कारण मातीवर पावडर टाकली की तिच्यातील क्लोरीन घाणीतच खर्ची पडतो. एक लिटर पाण्याला १५ ग्रॅम ताजी पावडर, प्लॅस्टिकच्या बादलीत, खिडक्या उघड्या ठेवून. संडास साफ करण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नयेत. त्यातून निघणारा वायू फुफ्फुसे जाळतो.

विहिरीत पुराचे पाणी शिरले असेल, तर आधी गढूळ पाणी उपसून टाकावे आणि नव्याने साठलेले पाणी मोजावे. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४ भागिले चार, सर्व मापे मीटरमध्ये, एवढे केले की घनमीटर मिळतात. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ३५ हजार लिटर भरते. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने सुमारे ९० ग्रॅम पावडर लागते. ती थेट विहिरीत उधळू नये. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करावी, मग बादली पाऊण भरून ढवळावी आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावी. चुना तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने विहिरीत सोडावी आणि खाली-वर हलवावी. तळाचा चुना विहिरीत जाऊ देऊ नये. किमान एक तास, शक्यतो रात्रभर, पाणी तसेच राहू द्यावे. त्यानंतर गावातील पाण्याची शुद्धता पाहणाऱ्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे रंगावरून दाखवणारी तपासणी, करून घ्यावी. पिवळा रंग आला नाही, तर पावडर कमी पडली असे समजून पुन्हा टाकावी. तोपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.

पुराच्या पाण्यात भिजलेली ज्वारी, बाजरी किंवा गहू वाळवून खाण्याचा मोह होतो, आणि वर्षभराची बेगमी डोळ्यांदेखत जाताना तो होणारच. तरीही ते धान्य खाऊ नये आणि जनावरांनाही घालू नये. ढिगाच्या आत ऊब धरून वाढणारी बुरशी वरून दिसत नाही आणि तिचे विष दळण्याने किंवा शिजवण्याने जात नाही. भाव येईल या आशेने घरात साठवलेल्या कापसाची गोष्ट वेगळी आहे. ओला कापूस आणि कोरडा कापूस त्याच दिवशी वेगळे करावेत, ओला पातळ पसरावा आणि दिवसातून अनेकदा खाली-वर करावा. ओल्याची गंजी तशीच राहिली, तर ती आतून तापते, पिवळी पडते आणि शेजारचा चांगला मालही घेऊन बसते.

कागदपत्रांसाठी धावपळ करून ओली पाने एकमेकांपासून ओढू नयेत, ती फाटतात. गाळ लागला असेल, तर स्वच्छ पाण्यात अलगद बुडवून काढावा आणि गठ्ठा सुती कापडावर सावलीत, पंख्याच्या वाऱ्याखाली ठेवावा. सुटी होतील तशी पाने घ्यावीत. सातबारा ऑनलाइन पुन्हा मिळतो, नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येते. म्हणून आधी वेळ घालवायचा तो जुन्या पत्रांवर आणि फोटोंवर, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नसते.

राहिला रंग. पूर ऑगस्ट-सप्टेंबरात येतो आणि दिवाळी दाराशी असते, त्यामुळे घर पूर्वीसारखे दिसावे ही ओढ समजण्यासारखी आहे. परंतु ओल्या भिंतीवर ऑइलपेंट किंवा डिस्टेंपर चढवला, की ओल आतच कोंडते, खार फुटतो आणि गुढीपाडव्यापर्यंत रंग पोपडे धरून गळू लागतो. ठोकून पोकळ आवाज देणारा गिलावा पाण्याच्या रेषेच्या वरपर्यंत काढून टाकावा, फुटलेला खार कोरड्या ब्रशनेच झाडावा आणि ऑक्टोबरच्या उन्हात दारे-खिडक्या उघड्या ठेवून भिंत मोकळी राहू द्यावी. जाड भिंतींना काही महिने लागतात. यंदाची दिवाळी नुसत्या चुन्याच्या हातावर काढावी, कारण चुना ओलीला बाहेर येऊ देतो. रंगापूर्वी हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि सकाळी काढून पाहावा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर पंधरा दिवसांनी हीच तपासणी पुन्हा करावी आणि रंगाऱ्याला तोपर्यंत थांबायला सांगावे.