कोकणातल्या गॅरेजात डिझेल हीटरला रिमोट बसवताना

रत्नागिरीत गाडीला हीटर कशाला लागतो, असं मला जो तो विचारतो, आणि विचारणारच, आपल्याकडे जानेवारीत पण दुपारी शर्ट अंगाला चिकटतो. पण हल्ली इथली मंडळी गाडीचा कॅम्पर, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी गाडी, करून थेट लेहला निघतात आणि त्यातलीच एक गाडी माझ्याकडे आली. नुकतंच आयटीआय करून ऑटो इलेक्ट्रिकलमध्ये शिरलेली मुलं विचारतात की या कामात काय काय यायला लागतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी आयटीआयला मोटर मेकॅनिक केलं आणि नंतर दोन वर्षं मिरकरवाडा बंदरावर बोटींच्या वायरिंगला हाताखाली होतो. तिथले चाचा एकच गोष्ट सारखी बजावायचे, "आधी कागदावर काढ रे, मग पक्कड उचल." तेव्हा कंटाळा यायचा.

आता हा हीटर म्हणजे काय ते आधी समजून घ्या. इंजिनाच्या कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, पाइपात बसवलेला एक छोटा बर्नर असतो, गाडीच्याच टाकीतलं डिझेल घेऊन जाळतो, त्यावर कुलंट तापतं आणि छोटा पंप ते इंजिनातून नि केबिनच्या हीटरमधून फिरवतो, इंजिन बंद असताना. वेबास्टो आणि एबरस्पेशर ही यातली दोन जुनी जर्मन नावं. युरोपातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांना असा बर्नर कंपनीतूनच येतो, कारण नवीन डिझेल इंजिन उष्णता फार कमी वाया घालवतं म्हणून थंडीत लवकर तापत नाही, पण तो फक्त इंजिन चालू असताना मदतीला लागतो. मग तिकडचे लोक त्यालाच टायमर किंवा रिमोट जोडून घेतात, म्हणजे सकाळी गाडीत बसेपर्यंत काचेवरचा बर्फ वितळलेला असतो.

माझ्याकडे आलेली गाडी एका डॉक्टरांची. हीटर आधीच बसवलेला होता, डॅशवर एक साधं बटण होतं. डॉक्टरांचं म्हणणं, "पहाटे उणे दहात मी खोलीतून बाहेर येऊन बटण दाबणार नाही, मला रिमोट पाहिजे." मला वाटलं तासाभराचं काम आहे. बोटीच्या लाइटांना जसं करायचो तसं केलं, हीटरची बॅटरीकडून येणारी मेन लाल वायर कापून मध्ये रिमोटचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टाकला. ऑन दाबलं, चालू झाला. पंधरा मिनिटांनी ऑफ दाबलं आणि सगळं एका झटक्यात गप्प. अर्ध्या मिनिटात तापलेल्या रबराचा वास आला. पुन्हा चालू केला तर सायलेन्सरातून पांढरा धूर, ज्योत पकडेना, दोनदा प्रयत्न करून हीटर लॉक झाला आणि एरर दाखवायला लागला. बर्नर खोलून काजळी साफ करण्यात माझा दीड दिवस गेला, त्याचे पैसे मी डॉक्टरांकडून घेतले नाहीत.

चूक कुठे झाली ते सांगतो, कारण नवीन माणूस हीच चूक करतो. हा पंखा किंवा लाइट नाही. याला स्वतःचा कंट्रोलर असतो आणि तो क्रमाने काम करतो. आधी हवेचा फॅन, मग ग्लो पिन, म्हणजे डिझेल पेटवणारी कांडी, तापते, मग डोसिंग पंप टक् टक् टक् करत थेंब थेंब डिझेल मारतो, ज्योत पेटली की सेन्सर सांगतो, मग ग्लो बंद. बंद करताना डिझेलचा पंप लगेच थांबतो, पण फॅन नि कुलंटचा पंप पुढे दोन-तीन मिनिटं चालू राहतात, आतलं उरलेलं डिझेल जळून जावं आणि बर्नर थंड व्हावा म्हणून. मी मेन सप्लाय तोडून हे थंड होणंच मारलं होतं.

म्हणून रिमोट कधीच मेन लाइनीवर नाही, तो सिग्नलच्या वायरवर. डॅशच्या बटणापासून एक बारीक वायर कंट्रोलरला जाते, तिच्यावर १२ व्होल्ट आले की चालू हो, गेले की बंद हो, एवढाच निरोप. मल्टिमीटर लावून बघितलं तर तिच्यातून काही मिलीअँपियरच करंट जातो. रिमोटचा रिले या वायरला बटणाच्या समांतर जोडायचा, स्वतःचा छोटा फ्यूज द्यायचा, आणि मेन लाल वायर तिच्या मोठ्या फ्यूजसकट थेट बॅटरीला कायम. काही हीटर मात्र असा १२ व्होल्टचा निरोप घेत नाहीत, टायमरशी डेटाच्या एका वायरवर बोलतात, वेबास्टोचं डब्ल्यू-बस तसंच आहे, तिथे रिले लावून काही होणार नाही, त्याच कंपनीचा टायमर किंवा रिसिव्हर लागतो. आपला हीटर कुठल्या जातीचा ते मॅन्युअलच्या डायग्राममधून कळतं, त्यामुळे डायग्राम वाचायला शिका, इंग्लिश कच्चं असलं तरी चालतं.

केबिनचा ब्लोअर, म्हणजे आत हवा फेकणारा पंखा, हा दुसरा घोळ. कुलंट जरा तापलं की हीटर एका वायरवर ब्लोअर चालू करायचा सिग्नल देतो, आणि मुलं ती रिलेने सरळ ब्लोअरच्या लाइनीला जोडतात. मग करंट उलटा इग्निशनच्या सर्किटमध्ये शिरतो आणि किल्ली न लावता अर्धी गाडी जागी होते. पाच पिनांचा रिले घ्या, ३० ला ब्लोअर, ८७ए ला गाडीची मूळ फीड, ८७ ला बॅटरीकडून फ्यूज टाकून आलेली वायर, आणि ८५-८६ वर हीटरचा सिग्नल. दोन्ही सप्लाय एकमेकांना भेटतच नाहीत. आणि मालकाला सांगून ठेवा की रात्री गाडी बंद करताना नॉब गरमवर आणि हवा काचेवर ठेवायची.

बॅटरीचा हिशोब कागदावर करायचा. आमच्या गाडीत सुरुवातीला ग्लो पिन आठ-दहा अँपियर ओढत होती पण काही मिनिटंच, नंतर ब्लोअरसकट आठच्या आसपास, म्हणजे अर्ध्या तासाला चार-पाच अँपियर-अवर. ७० अँपियर-अवरच्या बॅटरीला जास्त नाही वाटत, पण थंडीत बॅटरी निम्मी होते आणि नंतर स्टार्टर पण मारायचा असतो. म्हणून जितका वेळ हीटर चालवला तितका वेळ तरी नंतर गाडी चालवायची. रिमोटचं रिसिव्हर नुसतं बसून किती खातं तेही मोजा, ५० मिलीअँपियर असेल तर दिवसाला १.२ अँपियर-अवर, दहा दिवस गाडी उभी राहिली की १२ गेले. मी रिसिव्हरला अर्ध्या तासाचा ऑटो-ऑफ लावतोच, बटण चुकून दाबलं गेलं तरी बॅटरी वाचते.

डॉक्टरांना मोबाइलवरून चालणारं सिमचं मॉड्यूल हवं होतं. मी नको म्हटलं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि घाटात रेंजच नसते. साधा रेडिओ रिमोट आणि सोबत टायमर, रेंज शंभर मीटर मिळाली तरी पुरे.

आणि आपल्या खाऱ्या हवेचं विसरू नका. इथे काम करून गाडी द्यायची म्हणजे जोडांवर महिन्याभरात हिरवा कीट चढतो. पिळून टेप मारलेले जोड मी बंदरावरच बंद केले, क्रिंप करायचं, म्हणजे धातूच्या नळीत वायरी दाबून बसवायच्या, वर गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी, आणि अर्थची, म्हणजे बॉडीला जोडायच्या निगेटिव्ह वायरची, जागा घासून लोखंड उघडं करून मग बोल्ट. हीटर चालू होताना व्होल्टेज पडलं की तो स्वतःच बंद होतो आणि निम्म्या वेळा दोष त्या अर्थचाच असतो.

सुरक्षेचं मी गिऱ्हाइकाला दोनदा सांगतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, बंद गॅरेजात हीटर नाही म्हणजे नाही. रिमोट किंवा टायमर असला की गाडी कुठे उभी आहे ते न बघता हीटर चालू होतो, म्हणून पेट्रोल पंपावर शिरायच्या आधी आणि बंद पार्किंगमध्ये टायमर बंद. एक्झॉस्टखाली सुका पाला नको, आमच्याकडे काजूच्या बागेत गाडी लावतात तिथे हे खास बघा. गाडीत झोपणार असाल तर सीओ अलार्म लावाच.

टेस्टिंग रत्नागिरीत नीट होत नाही, ३० डिग्रीत कुलंट आधीच कोमट, हीटर थोड्याच वेळात तापून मंद होतो. मी डिसेंबरात पहाटे आंबा घाटात नेऊन रात्रभर उभी ठेवलेल्या गाडीवर बघितलं, शंभर पावलं लांब जाऊन बटण दाबलं आणि अंधारात टक् टक् ऐकू आलं. तो आवाज ओळखायला शिका, पंप एका लयीत चालला पाहिजे, अडखळला तर लाइनीत हवा आहे. लेहच्या उंचीवर हवा विरळ म्हणून तेवढंच डिझेल मारलं तर काजळी धरते, त्यामुळे उंचीची सेटिंग आहे का ते आधी बघून घेतलं. आणि इथलं डिझेल तिकडे घट्ट होतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ डिग्रीपर्यंत वाहणारं विंटर डिझेल आणलं, ते भरल्यावर हीटर पंधरा मिनिटं चालवायला मी डॉक्टरांना सांगितलं, म्हणजे बारीक नळीतलं जुनं डिझेल संपतं.

ती गाडी आता आमच्याच आळीत असते. महिन्यातून एकदा दहा मिनिटं हीटर चालवायचा असतो, नाहीतर पंप अडकतो. माझ्याकडे शिकणारा मुलगा एक तारखेला सकाळी जाऊन ते करतो आणि फॅन थांबेपर्यंत तिथून हलत नाही.