घरातल्या घरात विमान, रॉकेट आणि चंद्र : मुलांसोबत करून बघा

यातल्या कशालाच विकतचं किट लागत नाही. कागद, पेपर क्लिप, फुगे, स्ट्रॉ, दोरा, चिकटपट्टी, एक फुटबॉल, एक टेनिस बॉल, टॉर्च आणि घरात असतातच त्या पुठ्ठा, खडू, पेन्सिल, वही, टेबल फॅन अशा वस्तू एवढं जमवा, बास. पण सुरू करायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी, त्यातही मोठ्यांनी, एक नियम पाळायचाच, आधी अंदाज सांगायचा आणि मग करून बघायचं. "हे कुठं जाऊन पडेल?" विचारा, पोराला बोट दाखवू द्या, आणि उत्तर माहीत असलं तरी गप्प बसा. अंदाज चुकला की पोरगं आपणहून "असं का झालं?" विचारतं. आपण आधीच सांगून टाकलं तर मान डोलावतं आणि दुसऱ्या दिवशी विसरतं.

पहिलं कागदी विमान. नेहमीचं टोकदार विमान करा, फक्त घड्या नखानं दाबून कडक करा आणि समोरून डोळ्यांच्या रेषेत धरून दोन्ही पंख सारखे आलेत का बघा. जोरात फेकायचं नाही, खांद्याच्या उंचीवरून हलकेच पुढं सोडायचं. नाक वर करून हवेत थबकलं आणि मग धपकन खाली आलं तर शेपटीकडं वजन जास्त झालंय, ह्याला स्टॉल म्हणतात, नाकाला एक पेपर क्लिप लावा. उलट सरळ नाकावरच आपटत असेल तर क्लिप थोडी मागं सरकवा, आणि तरी नाही जमलं तर दोन्ही पंखांच्या मागच्या कडा अगदी २-३ मिलिमीटर वर वळवा, बघा कसं नाक उचलतं ते. मोठ्या विमानाच्या शेपटीवर एलिव्हेटर नावाची वर-खाली हलणारी पट्टी असते, ती हेच काम करते. एका पंखाची कड वर आणि दुसऱ्याची खाली केली की विमान एका अंगावर कलतं, ते झालं एलेरॉनचं, म्हणजे मोठ्या विमानाच्या पंखांवरच्या तशाच पट्ट्यांचं काम.

इथं घाई करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. क्लिपही सरकवली आणि कडही वळवली तर फरक नक्की कशानं पडला ते कळणारच नाही. प्रत्येक वेळी विमान कुठं पडलं तिथं खडूनं खूण करा आणि काय बदललं ते वहीत लिहायला लावा. राइट बंधूंनी हेच केलं होतं, १९०१ मध्ये त्यांनी स्वतः बनवलेल्या वाऱ्याच्या बोगद्यात (म्हणजे पंख्यानं वारा सोडलेल्या लांब पेटीत) पंखांचे शंभराहून जास्त छोटे नमुने एकेक करून तपासले, आणि १७ डिसेंबर १९०३ ला त्यांचं पहिलं उड्डाण झालं ते फक्त १२ सेकंदांचं, साधारण ३६ मीटर. तेवढं अंतर मोकळ्या जागेत पोरांना पावलं टाकून मोजायला सांगा, "एवढंच?" असं म्हणतील, मग वही दाखवा.

पंख वर का उचलला जातो हा प्रश्न येणारच. त्यावर "वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो म्हणून ती खालच्या हवेला गाठायला जोरात पळते" हे उत्तर खूप ठिकाणी वाचायला मिळतं, ते चुकीचं आहे, कृपा करून मुलांना ते सांगू नका. वरची हवा जोरात जाते हे खरं, पण खालच्या हवेला गाठायचं असं काही बंधन तिच्यावर नसतं. मुलांना कळेल असं सांगायचं तर पंख हवेला खाली ढकलतो आणि हवा पंखाला वर. जाळीच्या टेबल फॅनसमोर जरा लांब उभं राहून एक कडक पुठ्ठा आडवा धरा, मग पुढची कड हळूहळू वर करा. हात आपोआप वर जायला लागतो, ते हाताला जाणवलं की वेगळं समजवावं लागत नाही.

रॉकेटसाठी दोऱ्यात स्ट्रॉ ओवून घ्या (ओवायचा राहिला तर दोरा परत सोडावा लागतो, म्हणून हे आधीच करा), दोरा दोन खुर्च्यांना ताणून बांधा, फुगा फुगवून तोंड चिमटीत धरा आणि स्ट्रॉला चिकटपट्टीनं लावा. सोडला की सुसाट. नंतर दोऱ्याचं एक टोक उंच बांधून चढावर पाठवा. फुटलेल्या फुग्याचे तुकडे मात्र लगेच उचला, लहान पोरं तोंडात घालतात.

आता विचारा, रॉकेट मागच्या हवेला रेटून पुढं जातं का? बहुतेक जण हो म्हणतात. १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनंही तसंच म्हणत रॉकेटवर काम करणाऱ्या रॉबर्ट गोडार्ड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाची टर उडवली होती, की पोकळीत रेटायला काही नसतं म्हणून तिथं रॉकेट चालणारच नाही. त्याच गोडार्डनं १९२६ मध्ये द्रव इंधनावरचं पहिलं रॉकेट उडवलं, आणि पेपरनं चूक सुधारली ती १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ यान माणसांना घेऊन चंद्राकडं निघाल्यावर! खरं कारण साधं आहे, फुगा आतली हवा मागं फेकतो आणि ती हवा फुग्याला पुढं ढकलते, बाहेर हवा असो नसो.

शेवटचं आणि माझं सगळ्यात आवडतं. फुटबॉल म्हणजे पृथ्वी, टेनिस बॉल म्हणजे चंद्र. चंद्र किती लांब ठेवायचा ते पोरांना ठरवू द्या, बहुतेक जण हातभर अंतरावर ठेवतात. बरोबर जागा आहे साधारण साडेसहा मीटरवर, म्हणजे बऱ्याचदा खोलीच्या बाहेरच जावं लागतं. मग विचारा, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कुठं असेल? ते जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर वर आहे, म्हणजे ह्या फुटबॉलपासून फक्त ७ मिलिमीटर.

हे स्थानक नुसत्या डोळ्यांनी दिसतं. तुमच्याकडून कधी दिसेल ते नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' ह्या ॲपवर बघून ठेवा आणि अंधार पडल्यावर किंवा पहाटे सगळे बाहेर या. न लुकलुकणारा ठळक ठिपका शांतपणे सरकत जातो, विमानासारखे लाल-हिरवे दिवे नसतात. त्यात माणसं आहेत हे नक्की सांगा, २ नोव्हेंबर २००० पासून ते कधीच रिकामं राहिलेलं नाही. बऱ्याचदा ते आभाळाच्या मधेच विझल्यासारखं होतं आणि पोरं विचारतात, कुठं गेलं? उत्तर देऊ नका. घरात या, दिवे घालवा, फुटबॉलवर लांबून टॉर्च मारा आणि उजेड जिथं संपतो त्याच्या एका बोटाच्या रुंदीएवढं पुढं, अंधाऱ्या बाजूला, पेन्सिलीचं टोक चेंडूपासून ७ मिलिमीटर वर धरा. खाली अंधार असतो आणि टोक चमकत असतं. आता ते अंधारात आणखी पुढं सरकवायला पोरांना सांगा.