उन्हाळी कृषी सल्ला: होळी ते मृग, अंगणातली सौरचूल

होळी झाली की घाटावर, मराठवाड्यात, खानदेशात आणि विदर्भात आकाश निवळते. तेव्हापासून मृगापर्यंत, अवकाळीचे दिवस सोडले तर, सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत अंगणात कडक ऊन असते. हेच दिवस गहू-हरभऱ्याच्या मळणीचे, कांदा काढणीचे, हळद शिजवण्याचे. घरातले सगळे हात शेतात असतात, आणि दुपारचा स्वयंपाक काही चुकत नाही. चाळीस-बेचाळीस अंशांत पऱ्हाट्या-तुराट्यांच्या जाळापुढे बसणे बायकांच्या अंगवळणी पडले आहे, म्हणून ते सोपे झालेले नाही. वरण, भात आणि उसळ ही तीन कामे तरी उन्हावर टाकता येतात. त्यासाठी लागणारी चूल घरच्या सामानात बनते. वाळवणांसाठी अंगण स्वच्छ कराल, त्याच आठवड्यात ती बनवून ठेवा.

पेटी करावी, तबकडी नको

तबकडीची सौरचूल ऊन एका जागी एकवटते आणि भांडे गॅसवर ठेवल्यासारखे तापवते. पण ती सतत सूर्याकडे वळवत राहावी लागते, डोळ्यांवर तिरीप येते, आणि उन्हात तशीच उघडी राहिली तर जवळच्या कडब्याच्या गंजीला आग लागू शकते. शिर्डीत साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयासाठी २००९ मध्ये ७३ मोठ्या तबकड्या बसवल्या आणि त्यांच्या वाफेवर भक्तांचे जेवण शिजू लागले. एवढ्या मोठ्या संस्थेकडे देखभालीला माणसे असतात. शेतकऱ्याच्या घरी पेटीच बरी. ती हळू शिजवते, पण अन्न सहसा करपत नाही, ढवळावे लागत नाही, आणि दोन तास कोणी तिकडे फिरकले नाही तरी बिघडत नाही.

उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या जीपमध्ये जे होते, तेच या पेटीत होते. ऊन काचेतून आत येते, काळ्या तळावर त्याची उष्णता होते आणि ती बाहेर पडू शकत नाही. जिनीव्हाच्या द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये अशा काचेच्या पेट्या बनवून त्यांतली उष्णता मोजली होती. मूळ रचना आजही तीच आहे.

बांधणी

पुठ्ठ्याचे दोन मजबूत खोके घ्या. आतला सुमारे ४५ सेंटिमीटर लांब-रुंद, बाहेरचा ६०. मध्ये चारही बाजूंनी सात सेंटिमीटरची पोकळी राहते. आतल्या खोक्याखाली चार लाकडी ठोकळे ठेवा, म्हणजे तळाशीही तेवढीच जागा मिळेल. ही पोकळी गव्हाचा भुसा, भाताचा तूस, वाया गेलेला कापूस किंवा चुरगळलेली वर्तमानपत्रे यांनी भरा. भरण्याआधी भुसा दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवा. ओलसर भुसा आपले पाणी सुकवण्यातच पेटीची उष्णता खातो. थर्मोकोल वापरू नका, तो या उष्णतेत मऊ पडतो आणि वास सुटतो.

आतल्या खोक्याच्या भिंतींना मैद्याच्या खळीने ॲल्युमिनियमची चकचकीत पन्नी चिकटवा. तळाशी पातळ पत्रा घालून त्याला शाळेच्या फळ्याला लावतात तसा, न चकाकणारा काळा रंग द्या. खोक्याची खोली भांड्यापेक्षा दोनच बोटे जास्त असावी. पेटी फार खोल झाली तर भिंतींची सावली तळावर पडते.

झाकणाला लाकडी चौकटीत साधी तीन-चार मिलिमीटरची काच बसवा. शक्य असेल तर दोन काचा, मध्ये एक-दीड सेंटिमीटर अंतर ठेवून. दुसऱ्या काचेचा खर्च, काचेवर जास्त ऊन पाडण्यासाठी मागच्या कडेला लावायच्या आरशाच्या खर्चापेक्षा जास्त उपयोगी पडतो, विशेषतः चैत्रातल्या वाऱ्यात. पैसे बेताचे असतील तर आरशाऐवजी प्लायवूडवर पन्नी लावून भागवा, पण काचा दोनच घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचे. घरी केलेल्या बहुतेक पेट्या तापत नाहीत त्या फटींमुळे, आणि लोक मात्र आरसा मोठा करत बसतात. गरम हवा कडेच्या बारीक फटीतूनही निघून जाते. पेटीच्या काठावर सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून, पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवा, म्हणजे झाकण त्यावर दाबून बसेल. मग वर्तमानपत्राची एक पट्टी काठ आणि झाकण यांच्यामध्ये धरून झाकण लावा आणि पट्टी ओढा. ती सहज सरकली तर तिथे फट आहे. चारही बाजूंना, कोपऱ्यांना तर दोनदा, अशी पट्टी ओढून पाहा. सरकेल तिथे ट्यूबचा आणखी एक पदर द्या. हा अर्धा तास दिलात तर भर उन्हात रिकामी पेटी शंभर अंशांच्या वर सहज जाते.

नवी पेटी दोन-तीन दिवस रिकामीच उन्हात तापू द्या. रंगाचा आणि सोल्युशनचा वास पूर्ण गेल्याशिवाय तिच्यात अन्न ठेवू नका.

रोख आणि आरसा

घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला असे नाही. पुणे-नाशिककडे तो साडेबाराच्या सुमारास आणि नागपूरला सव्वाबाराच्या सुमारास सर्वांत उंच असतो. साडेनऊ-दहाला भांडी ठेवा आणि पेटीचे तोंड, म्हणजे आरशासमोरची बाजू, सूर्याकडे करा. शेतावर जायचे असेल तर ती आत्ताच्या सूर्याकडे नको, तासाभराने सूर्य जिथे येणार तिकडे वळवून ठेवा, म्हणजे मधे कोणी आले नाही तरी चालेल.

आरसा काचेएवढाच असावा आणि मागच्या कडेला बिजागरीने जोडलेला असावा. सकाळी सूर्य तिरपा असताना तो जवळजवळ उभा ठेवायचा. सूर्य माथ्यावर आल्यावर काटकोनापेक्षा तीसेक अंश मागे कलवायचा. मोजमाप करत बसायची गरज नाही: आरशाची उजळ चौकट काचेवर पूर्ण पसरली म्हणजे कोन बरोबर. वाऱ्याने आरसा आपटू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी दोरी बांधा. वावटळीत पहिला बळी आरशाचाच जातो.

काय शिजते, किती वेळात

भांडी पातळ ॲल्युमिनियमची, झाकणाची, बाहेरून काळी केलेली घ्या. आतून मुळीच रंगवू नका. या मापाच्या पेटीत धान्य आणि पाणी मिळून दीड-दोन किलोच्या वर भरू नका. चार माणसांच्या वरण-भाताला तेवढे पुरते. जास्त भरले की सगळेच अर्धवट राहते.

स्वच्छ उन्हात भात दीड ते दोन तासांत होतो. पाणी चुलीवर घालता त्यापेक्षा थोडे कमी घाला, कारण वाफ फारशी उडत नाही. तूरडाळ तासभर भिजवून ठेवली तर दोन-अडीच तासांत मऊ होते. हळद-हिंग आधी घाला, मीठ आणि चिंच मात्र डाळ शिजल्यावर. मोड आलेली मटकी दीड तासात, रात्रभर भिजवलेले हरभरे तीन तासांत. बटाटे आणि रताळी पाणी न घालता नुसती झाकून ठेवली तरी शिजतात, आणि रताळ्याला तर चुलीवरच्यापेक्षा जास्त गोडी येते. शेंगदाणे पसरट ताटात, झाकण न लावता, तासा-दीड तासात खरपूस होतात. भाकरी, पिठले आणि फोडणी मात्र चुलीवरच करा, पेटीचे ते काम नाही.

अन्न ठेवल्यावर झाकण उघडून पाहू नका. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटांची उष्णता निघून जाते. काचेला आतून दव धरले की भांड्यातून वाफ सुटते आहे असे समजा.

राजमा या पेटीत सुरुवातीपासून शिजवू नका. कच्च्या राजम्यातले विषारी द्रव्य हळू शिजवण्याने नष्ट होत नाही. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात चुलीवर किमान दहा मिनिटे खळखळून उकळा आणि मगच पेटीत ठेवा. दुपारी आभाळ भरून आले तर अर्धवट शिजलेले अन्न तसेच पेटीत राहू देऊ नका. लगेच चुलीवर घेऊन पुरे शिजवा, नाहीतर कोमट अन्नात जंतू वाढतात. भांडी फडक्याने धरूनच काढा, ती दिसतात त्यापेक्षा खूप गरम असतात. लहान मुलांना आरशात पाहू देऊ नका, आणि तापलेल्या काचेवर पाणी पडू देऊ नका. ती तडकते.

शेतीची दोन कामे

खाण्याच्या कडधान्यात भुंगा लागला असेल तर ते एका बोटाच्या जाडीचा थर करून ताटात पसरा. दाणे सुमारे ६० अंशांवर तासभर राहिले की अंड्यांपासून किड्यांपर्यंत सगळे मरते. झाकण किंचित उघडे ठेवून आणि थर्मामीटर लावून उष्णता आवरा. पेरणीच्या बियाण्याला हा उपाय कधीही करू नका, उगवण जाते.

दुसरे काम रोपवाटिकेचे. मिरची, टोमॅटो, वांगी यांची रोपे कोवळेपणीच बुडातून कोलमडतात, त्याचे एक कारण मातीतली बुरशी. रोहिणीत गादीवाफे किंवा ट्रे भरण्याआधी माती-शेणखताचे मिश्रण ओलसर करून डब्यात भरा. डब्याच्या मध्यभागी ७० अंश उष्णता अर्धा तास टिकू द्या. ८५ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. माती फार तापली तर रोपांना बाधक द्रव्ये सुटतात आणि उपयोगी जिवाणूही मरतात. मिश्रण थंड झाल्यावर त्यात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी, मिसळा, गरम असताना नाही. या कामाचे डबे वेगळे ठेवा आणि त्यानंतर पेटी पुसून, एक दिवस रिकामी तापवूनच स्वयंपाकाला घ्या.

गारपिटीचा इशारा आला की पेटी घरात न्या, आरसा-काच गोणपाटाने झाका. मृग लागण्याआधी काचेची चौकट काढून कोरड्या जागी उभी ठेवा, पोकळीतला भुसा काढून टाका आणि खोके माळ्यावर चढवा. पावसाळ्यात भुसा आत राहिला तर त्याला ओल धरते आणि वाळवी पुठ्ठ्यापर्यंत पोचते. दिवाळीनंतर नवा वाळवलेला भुसा भरून ट्यूबची पट्टी पुन्हा तपासली की हिवाळ्याच्या उन्हातही पेटी चालते. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून पेटीचे तोंड दक्षिणेला ठेवा, आरसा दुपारीही जवळजवळ उभाच राहू द्या आणि शिजायला तासभर जास्त धरा.