झऱ्याचे पाणी घरात आणताना या चुका टाळा

नळाची धार बारीक झाली की माणूस आधी तोटी खोलून बघतो. पाणी गढूळ आले की फिल्टरची कांडी बदलली जाते, आणि पोट बिघडले तर दोष जेवणाला दिला जातो. झऱ्यावर अवलंबून असलेल्या घरांत मात्र तक्रार नळाशी दिसली तरी तिचे मूळ बहुतेक वेळा वर असते. कधी ते उगमाच्या टाकीत असते, कधी टाकीमागच्या दगडमातीत, तर कधी त्याहीवरच्या उतारावर. म्हणूनच खालील चुका उगमापासून सुरू करून घराकडे येत सांगितल्या आहेत आणि दुरुस्तीचा शोधही त्याच क्रमाने घ्यावा.

पहिली चूक: भरल्या दिवसांतली धार पाहून बेत आखणे

पाऊस संपून थोडेच दिवस झालेले असताना झरा जोमाने वाहतो आणि तेवढ्यावर भरवसा ठेवून पाइप आणि टाकी यांचा खर्च केला जातो. झऱ्याची खरी ताकद कळते ती कोरड्या दिवसांच्या अगदी अखेरीस, आणि एकाच वर्षाच्या मोजणीवर विसंबण्यापेक्षा दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाताशी असलेल्या बऱ्या. मोजणी अवघड नाही. सगळे पाणी एका पाइपातून पडेल असा मातीचा तात्पुरता बांध घालावा, खाली 10 लिटरची बादली धरावी आणि ती भरायला लागणारे सेकंद मोजावेत. असे तीन वेळा करून सरासरी काढावी. बादली 40 सेकंदांत भरली तर मिनिटाला 15 लिटर पाणी मिळते.

उलट चूकही तितकीच होते, ती म्हणजे बारीक धार पाहून झरा नाकारणे. मिनिटाला केवळ एक लिटर देणारा झरा दिवसाकाठी 1440 लिटर पाणी देतो. माणशी रोज 100 लिटर धरले तरी पाच जणांच्या घराला 500 लिटर पुरतात. अडचण इतकीच की सकाळच्या तासाभरात लागणारे पाणी त्या तासाभरात झऱ्यातून येत नाही, आणि त्यासाठी रात्रभर भरत राहणारी साठवण टाकी लागते. दुबळ्या झऱ्याला मोठी साठवण जोडली की काम भागते, पण आटणाऱ्या झऱ्याला कितीही मोठी टाकी जोडली तरी भागत नाही.

दुसरी चूक: झऱ्याला कोंडणे

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच आहे आणि ती अतिशय चांगल्या हेतूने केली जाते. पाणी वाया जाऊ नये, जास्त साठावे, घराकडे जोरात जावे, म्हणून उगमाभोवती उंच भिंत बांधली जाते आणि झऱ्याच्या मुखावर पाण्याची पातळी चढवली जाते. झऱ्याचे पाणी त्या ठिकाणी बाहेर पडते, कारण खडकातल्या भेगांमधून येताना त्याला तीच वाट सर्वांत सोपी असते. मुखावर पाणी तुंबले की त्याचा दाब उलट आत बसतो, ती वाट अवघड होते, आणि पाणी दुसरी भेग शोधते. मग ते टाकीच्या पायाखालून झिरपू लागते, किंवा काही अंतरावर नव्याच जागी फुटते. अशी वाट एकदा बदलली की भिंत पाडूनही पाणी जुन्या जागी परत येईलच याची खात्री नसते.

यावरचा उपाय बांधकामाच्या आधी करायचा असतो. खणायला लागण्यापूर्वी पाणी नैसर्गिकरीत्या ज्या उंचीवर बाहेर पडते तिथे कातळावर ठळक खूण करावी. टाकीचा ओव्हरफ्लो पाइप या खुणेच्या खाली बसला पाहिजे आणि तो इतका मोठा असला पाहिजे की भर पावसातले सगळे पाणी न तुंबता वाहून जाईल. अनेक ठिकाणी ओव्हरफ्लोसाठी घराकडे जाणाऱ्या पाइपाएवढाच बारीक पाइप वापरलेला असतो, आणि मग खुणेची काळजी घेऊनही ऐन पावसात टाकी तुंबतेच.

टाकी बांधल्यावर धार कमी झाली असेल तर तपासणी सोपी आहे. टाकीच्या तळाचा धुण्याचा व्हॉल्व्ह उघडून ती पूर्ण रिकामी करावी, एक-दोन दिवस तशीच वाहू द्यावी आणि मग बादलीने धार मोजावी. रिकाम्या टाकीत धार वाढली आणि टाकी भरताच पुन्हा मंदावली, तर दोष उलट दाबाचा आहे असे समजावे आणि विलंब न करता ओव्हरफ्लो खाली घ्यावा.

खोदकामाबाबतही तोच संयम हवा. झऱ्याखाली बहुधा चिकणमातीचा किंवा अखंड कातळाचा थर असतो आणि त्यानेच पाणी वर धरून ठेवलेले असते. यंत्राने किंवा सुरुंगाने तो थर फुटला की पाणी खाली उतरते. म्हणून मुखाजवळचे काम हातानेच, पाण्याच्या मागोमाग जात करावे, घट्ट थर लागला की थांबावे, आणि भिंतीच्या मागे सिमेंट न ओतता धुतलेली खडी भरावी, म्हणजे पाण्याला वाट राहते आणि माती मागे अडते. खडीच्या वर चिकणमातीचा चोपून बसवलेला थर दिला की पृष्ठभागावरचे पाणी सरळ आत उतरत नाही.

तिसरी चूक: निवळ पाण्याला शुद्ध मानणे

लंडनच्या सोहो भागात 1854 साली कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी तिचा माग एका हातपंपापर्यंत काढला. त्या भागातून दूर राहायला गेलेल्या एका विधवा महिलेला त्याच पंपाच्या पाण्याची चव आवडत असे, म्हणून ते रोज बाटलीत भरून तिच्यापर्यंत पोहोचवले जात होते. तिचाही कॉलऱ्याने मृत्यू झाला. ते पाणी झऱ्याचे नव्हते, विहिरीचे होते, पण चव आणि निवळपणा यांवरून पाण्याची पारख होत नाही ही गोष्ट जमिनीतून येणाऱ्या प्रत्येक पाण्याला लागू पडते.

झऱ्याचे पाणी जमिनीत किती काळ मुरले आणि कशातून गाळले गेले, यावर त्याची शुद्धता ठरते. बारीक वाळूच्या थरातून महिनोन्महिने सरकत आलेले पाणी आणि चुनखडीच्या पोकळ्यांमधून काही तासांत धावत आलेले पाणी दिसायला सारखेच असते. यातला फरक ओळखण्याची एक घरगुती रीत आहे. वर्षभर दर आठवड्याला झऱ्याच्या मुखाशीच पाण्याचे तापमान मोजून लिहून ठेवावे. खोलवरून येणाऱ्या पाण्याचे तापमान ऋतू बदलला तरी जवळपास स्थिर राहते. जोराच्या पावसानंतर काही तासांत पाणी गढूळ होत असेल, धार एकदम फुगत असेल आणि तापमानही हलत असेल, तर पृष्ठभागावरचे पाणी थेट मिसळते आहे हे नक्की.

टीडीएस मीटरवर आकडा कमी आला म्हणून निश्चिंत होणारे पुष्कळ भेटतात. ते उपकरण विरघळलेले क्षार सुचवते, जंतू दाखवत नाही. ज्या पाण्यात पावसाचे शेणमिश्रित पाणी मिसळले आहे त्याचा आकडा उलट कमीच येऊ शकतो. प्रयोगशाळेत जंतूंची तपासणी करून घ्यावी. 100 मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय हा जंतू अजिबात आढळता कामा नये. नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा, थंड ठेवावा आणि शक्यतो त्याच दिवशी, फार तर 24 तासांत पोहोचवावा. सर्वांत वाईट पाणी पहिल्या मोठ्या पावसानंतर येते, त्यामुळे कोरड्या दिवसांतला एकच अहवाल दाखवून वर्षभर निर्धास्त राहू नये.

रसायनांची तपासणी निदान सुरुवातीला एकदा तरी करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे नायट्रेटसाठी 50, फ्लोराइडसाठी 1.5 आणि आर्सेनिकसाठी 0.01 मिलिग्रॅम अशा आहेत. नायट्रेट जास्त असलेले पाणी उकळून बाळाला देणे ही गंभीर चूक आहे, कारण उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते.

चौथी चूक: टाकी राखणे आणि उतार विसरणे

टाकीला कुलूप असते, पण तिच्या वरच्या अंगाला गुरे चरत असतात. झऱ्याच्या वरच्या बाजूला आठ-दहा मीटरांवर आडवा चर खणून पावसाचे पाणी बाजूला वळवावे, त्याच्या आतल्या भागाला कुंपण घालावे आणि तिथे खत, कीटकनाशक, कचरा यांना मज्जाव करावा. शौचालय उगमापासून निदान 30 मीटर दूर असावे असा सर्वसाधारण संकेत आहे, पण ते चढावर असेल किंवा जमीन भेगाळ असेल तर एवढे अंतरही पुरत नाही. शौचालय उगमाच्या खालच्या अंगालाच असावे. टाकीलगत मोठी झाडे लावू नयेत, कारण मुळे ओलाव्याच्या मागे येतात.

ही मुळे कशी दिसतात ते एकदा पाहिले की विसरत नाही. झाकण उचलून टॉर्चचा झोत भिंतीवर टाकला की सांध्यातून उतरलेली तांबूस केसांची झुलपे पाण्यावर तरंगताना दिसतात. त्यांत बारीक गाळ अडकलेला असतो, आणि बोटाने झुलूप ओढले तर त्याबरोबर सांध्यातला चुनाही सुटून येतो. त्याच झोतात आणखी दोन गोष्टी बघाव्यात. भिंतीवरच्या ओल्या रेषेवरून पाणी कुठवर चढले होते ते कळते. झाकणाच्या फटीतून उजेड येत असेल तर त्याच फटीतून पाल, बेडूक आणि पावसाचे पाणीही येते. झाकणाची कड टाकीच्या काठावरून खाली उतरणारी असावी आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला न गंजणारी बारीक जाळी असावी. घराकडे जाणारा पाइप तळापासून वीतभर वर बसवला की गाळ तळाशीच राहतो.

पाचवी चूक: पाइप जमिनीच्या उंचसखलपणावर सोडणे

टाकी काठोकाठ भरलेली आहे, घर तिच्या कितीतरी खाली आहे, आणि तरी नळाला पाणी नाही किंवा ते फुसफुसत, थुंकत येते. अशा वेळी बहुधा पाइपात हवा अडकलेली असते. पाइप उंचवट्यावरून जातो तिथे हवा साठते आणि उतार कमी असेल तर पाण्याला ती ढकलून नेता येत नाही. शक्य असेल तिथे पाइपाला सलग उतार द्यावा, उंचवटा टाळता येत नसेल तर त्याच्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह आणि सर्वांत खोल जागी गाळ काढण्याचा व्हॉल्व्ह बसवावा. तातडीचा इलाज म्हणून खालचा सर्वांत मोठा नळ पूर्ण उघडावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर खालून पंपाने पाणी भरून हवा वर काढावी.

दाबाचाही विचार करावा. दर 10 मीटर उंचीमागे पाण्याचा दाब सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर वाढतो. टाकी घराच्या 60 मीटर वर असेल तर सगळे नळ बंद असताना खालच्या पाइपावर सहा किलो दाब असतो. म्हणूनच दिवसभर ठीक चालणारा पाइप रात्री फुटतो. असा दाब सोसणारा पाइप तरी घ्यावा किंवा मध्ये दाब तोडणारी लहान टाकी बांधावी.

सहावी चूक: शुद्धीकरणाचा क्रम उलटा लावणे

गढूळ पाण्यात क्लोरीन घातले तर ते गाळातच खर्च होते, आणि अतिनील दिव्याचा प्रकाश गढूळ पाण्यातून पलीकडे पोहोचत नाही. आधी गाळ काढावा, मग जंतू मारावेत. क्लोरीन घातल्यावर पाणी अर्धा तास तरी थांबले पाहिजे आणि त्यानंतरही लिटरमागे निदान 0.5 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे. उतारावर गुरे असतील तर केवळ क्लोरीनवर विसंबू नये, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही. त्याला अतिनील दिवा किंवा उकळणे हाच उपाय. दिवा वीज गेल्यावर काम करत नाही आणि पुढच्या पाइपातल्या घाणीपासूनही वाचवत नाही, हे लक्षात घेऊनच त्याची निवड करावी.

पाण्याची काही लक्षणे वाचता येतात. तांबूस, बुळबुळीत थर लोहाचा आणि त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. तो सहसा अपायकारक नसला तरी पाइप बुजवतो. भांड्यांवरचे पांढरे पुट कठीण पाण्याचे असते. तांब्याच्या नळांखाली निळसर हिरवे डाग पडत असतील तर पाणी आम्लधर्मी असून धातू विरघळवत आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये. सडक्या अंड्याचा वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर झऱ्याआधी गिझर तपासावा.

टाकीत उतरून दुरुस्ती केली की ती निर्जंतुक केल्याशिवाय वापरात आणू नये. लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोरीन लागते, म्हणजे 1000 लिटरच्या टाकीला 33 टक्के क्लोरीन असलेली ब्लिचिंग पावडर सुमारे 150 ग्रॅम पुरते. उघड्या पुड्यातली जुनी पावडर क्लोरीन गमावून बसलेली असते, ती वापरू नये. झऱ्याचे येणारे पाणी त्या काळापुरते बाजूला वळवावे, टाकी 12 तास तशीच ठेवावी आणि मग रिकामी करून धुवावी. हे पाणी ओढ्यात सोडले तर मासे मरतात आणि खालच्या घरांना त्रास होतो. ते ओढ्यापासून दूर मोकळ्या जमिनीवर पसरून जिरवावे. रोजचा स्वच्छ ओव्हरफ्लो मात्र ओढ्यालाच परत मिळेल अशी वाट काढून द्यावी, कारण खालची माणसे आणि जनावरे त्याच पाण्यावर जगत असतात.